जोखीम

दर अकरा महिन्यांनी मी नवी असते.
करार संपतो, मध्ये एक दिवस मोकळा जातो,
त्या दिवशी राजवाड्यावर जाऊन चपलेला टाके घालून आणते,
दुसऱ्या दिवशी परत तीच खुर्ची,
खिडकीत मावेल एवढाच अजिंक्यतारा.
विधी अधिकारी, कंत्राटी. चौदा वर्षं.

माझं काम काय, ते सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.
पोलिसांना सोडवतेस होय?
नाही, अडकू नयेत म्हणून बघते.
मग अडकण्यासारखं करतातच कशाला?
यावर परिच्छेदनिहाय अभिप्राय
मी अजून सादर केलेला नाही.

ठाणे दैनंदिनी पुढ्यात.
अटक सोळा चाळीस.
वैद्यकीय तपासणी चौदा दहा.
दोन्हीखाली पेन्सिलीनं रेघ मारते, शाईनं कधीच नाही,
आणि फडतरेला फोन लावते:
हा माणूस अटकेआधीच दवाखान्यात कसा पोचला रे?
तिकडून खोकला. मग,
मॅडम, ठाणे अंमलदार नवा होता.
आमच्या जिल्ह्यात ठाणे अंमलदार कायम नवाच असतो.

जे घडलं नाही त्याचा पगार मिळतो मला.
न झालेली चौकशी, न आलेली नोटीस,
न बसलेला दंड.
वर्षाअखेरच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात भरायचं?

आणि ते वाक्य.
'अर्जदाराचे आरोप निखालस खोटे असून प्रतिवादीस मान्य नाहीत.'
संगणकात तयारच असतं,
'निखा' एवढं टंकलं की पुढचं आपोआप उमटतं.
म्हसवडकडच्या एका पोराच्या उजव्या मनगटाबद्दल
ते मी उमटू दिलं.
कॅमेरा बंद होता, असं मला कळवलं होतं.
कधीपासून बंद, हे विचारणं माझं काम.
विचारलं नाही.
अर्ज फेटाळला. साहेबांनी कंदी पेढे मागवले.
मी अर्धा खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची आई, कोंडाबाई,
स्टँडवर भेटली. ओळखलं तिनंच.
कुणाकडनं तरी वाचून घेतलं तुमचं, म्हणाली,
मराठी लई चांगलं हाय बाई तुमचं.
गाडी लागली. तिची पिशवी मी वर दिली.
आत काय होतं कोण जाणे.
जड होती.

तेव्हापासून नव्या भरतीच्या पोरांपुढे उभी राहिले
की कलमं नंतर सांगते.
आधी माझी आई सांगते:
वाईहून निघताना पाटल्या काढून रुमालात बांधायची,
कमरेला खोचायची, एस्टीत मला चिमटे काढायची,
झोपू नकोस, अंगावर जोखीम आहे.
पाटल्या मावशीच्या होत्या, लग्नापुरत्या आणलेल्या.
तर कोठडीतला माणूस म्हणजे त्या पाटल्या.
दुसऱ्याच्या. मोजून घ्यायच्या, मोजून परत द्यायच्या.
मागल्या बाकावरचं एक पोरगं वहीत लिहितं:
जोखीम म्हणजे पाटल्या.
असू दे. खोडायला लावत नाही.

उद्या माझा मोकळा दिवस.
चप्पल पिशवीत घातलीय.
सहा वाजून पाच मिनिटं, फडतरे:
मॅडम, एकाला आणलंय, नोंद करायचीय अजून.
कधी आणलंय?
पंख्याचा आवाज येतो नुसता.
फडतरे, कधी?
तीनला.
मग तीन लिही.
शाईनं.