साउंड

दझिन्त्राच्या वहीत या शब्दापुढे एकच अर्थ होता : आवाज.
तेवढ्या भांडवलावर ती लात्व्हियाहून शेटलंडला आली,
सॅमन साफ करायच्या कारखान्यात लागली,
आणि पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला,
सकाळी सातची फेरी. साउंड ओलांडून यायचं.
आवाज कसा ओलांडतात?
ती धक्क्यावर कान देऊन उभी.
समोर दोन बेटांमधलं चिंचोळं पाणी,
शिशाच्या रंगाचं,
चकार शब्द न काढणारं.

भाड्याची खोली ऑस्लाच्या घरात.
म्हातारी दोन्ही कानांनी ठार बहिरी,
आणि रोज सकाळी विचारणार,
साउंड झोपलीस ना गं?
(ही ओशाळी. रात्री घोरले की काय मी?)

मग छपराचं लाकूड बघायला गिबी माउट आला.
शिडीवर चढून त्याने तुळईला तीन ठोके दिले,
कान लावला, पेन्सिल कानामागे खोचली,
म्हणाला, साउंड.
या खेपेला तिला वही उघडावी लागली नाही.
धड असतं ते वाजतंही धड,
हे तिच्या आजोळी मडकी विकत घेतानाही ठाऊक होतं.

पाण्याची खोली मापणं, त्यालाही हाच शब्द.
ऑस्लाचा नवरा दोरीला शिसं बांधून सोडायचा,
शिशाच्या बुडाला चरबी माखलेली,
वर येताना तळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा घेऊन यायची.
तो बुडाला तिथे सतरा वाव.
घराचा नंबर सांगावा तसं ती सांगते,
सतरा,
आणि बटाटे सोलत राहते.

देवमाशाने बुडी मारली तरी साउंड.
समासात जागा उरली नाही, तेव्हा ते
तिने पुठ्ठ्यावर लिहिलं.

नोव्हेंबरात एका पहाटे फोन आला, भावाचा.
दझिन्त्रा बराच वेळ जिन्यातच बसून राहिली.
ऑस्लाने काही विचारलं नाही. विचारून
ऐकणार कशाने?
खणातून ते शिसं काढलं
आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.
गार. वाटलं होतं त्याहून जड.
बुडाच्या खळग्यात काळपट चरबी,
तिच्यात एक वाळूचा कण, की नुसताच मळ,
दिव्याखाली धरूनही कळेना.

दोघी तशाच बसल्या.
उजाडलं नव्हतं. खिडकीची काच हलकेच थरथरली,
भोंग्याच्या आधी ऑस्लाला ते कळतं.
काचेवर बोट टेकवून ती म्हणाली,
ऊठ, बोट आली.