नाव नसलेलं यंत्र

ढगाचं बिल दर महिन्याच्या तीन तारखेला येतं.
तार्तूमध्ये रात्रीचे साडेदहा, आणि खिडकीशी
अजून वाचता येईल एवढा उजेड;
जूनमध्ये इथे अंधाराला कोणी फारसं विचारत नाही.
मारिका ओळीमागून ओळ खाली सरकते.

चाचणीचे सर्व्हर चौदा. सेबूच्या टीमचे सहा,
त्यात जोवितोने शनिवारी बंद करतो म्हणून
न केलेले दोन. साठवण. नकला. नकलांच्या नकला.
आणि अगदी तळाशी, ना नाव ना गाव,
एक चिमुकलं यंत्र, महिन्याला चार युरो दहा सेंट,
चौदा महिने चालू.

नियम तिचाच आहे, तीन खंडांना पाठवलेला:
ज्याला नाव नाही ते शुक्रवारी बंद.

बंद करण्याआधी ती आत डोकावते.
एकच फाईल. दर तासाला एक आकडा.
१.९२
१.९७
२.०४
ग्राहकाचा नाही, प्रकल्पाचा नाही,
कुठल्याच आलेखात बसेल असा नाही.

वाल्दिवियात दुपारचे साडेतीन.
नाउएलला ती दोनच शब्द लिहिते: हे तुझं?
टाईप करतोय. थांबला. टाईप करतोय.
"नदीची पातळी. सरकारी साईटवरून उचलतो.
आई काठावर राहते, फोन उचलत नाही.
दोन-सत्तरला पाणी अंगणात, तीनला चुलीत.
यंत्र मला उठवतं, मी सायकल काढतो.
सांगायचं राहून गेलं. काढून टाकतो."

आणि लगेच खाली:
"आज नाही काढलं तर चालेल? पाऊस आहे."

मारिका खिडकी उघडते.
खाली एमायोगी, संथ, दिव्यांसकट.
तिच्या भाषेत याचा अर्थ आई-नदी,
पण बसच्या पाटीवर रोज दिसणारा शब्द
कोण कशाला फोडून बघतं.

परत येऊन ती रकाने भरते.
नाव: आई-नदी.
मालक: इथे ती स्वतःचं नाव घालते.
कारण: बरंच लिहिते, सगळं खोडते, मग
"प्रकल्प चालू राहण्यासाठी आवश्यक."
खोटं म्हणावं तर तसं खोटंही नाही.
सूचना कोणाला पाठवायची, तिथे
दुसरा एक फोन नंबर.

सेबूत पहाट व्हायची आहे.
जोवितोचे दोन सर्व्हर मात्र
ती तिथल्या तिथे बंद करते.

२.११