गाठीची सुतळी

कुद्रेमनीत माझी दोन एकर सात गुंठे.
खालच्या अंगाला भात, वर तांबड्या मातीत रताळी,
मध्ये विहीर, विहिरीला खेटून फणस,
आणि फणस नि बांध यांच्यात एकच वाट.
सुतळीनं मोजली, गाठ मारली,
सुतळी पर्समध्ये टाकली
आणि दस्तगीर मेस्त्रीला म्हटलं, चला.

एकतीस वर्षं बस डेपोत तिकिटांचे हिशेब तपासले मी.
भाऊ म्हणाला, भाड्यानं बोलाव, हे काय खूळ?
पण वाफसा माझ्या रानात दोन दिवस थांबतो,
भाड्याचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी येतो.

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागे,
निळा फोर्ड. झालर, आरसे, गाण्यांची पेटी,
मडगार्डवर पंख पसरलेला गरुड.
मेस्त्रीनं नखानं टवका काढला:
निळ्याखाली लाल, लालखाली लांबी,
लांबीखाली गंज.
"रंगाचंच वजन दोन क्विंटल आहे गे," तो म्हणाला.
सुतळी लावली. गाठ चाकाच्या आतच राहिली.

संकेश्वरात झेटर. हा खरा गडी.
डिपस्टिक ओढली, तेल बोटांत चोळलं,
हुंगलं, पुसलं, काही बोलला नाही.
मग नांगर वर उचलून ठेवला
आणि मालकाला म्हणाला, चहा सांगा.
कप अर्धा झाला तेव्हा नांगर वीतभर खाली,
बशी चाटेस्तोवर जमिनीला टेकला,
पाया पडायला आल्यासारखा.
वर कागद कोल्हापूरचे, ज्याच्या नावावर
तो दहा वर्षांपूर्वी सुरतेला गेलेला.
"लिफ्टचं होतंय की. कागदाचं होत नाही."

हुक्केरीच्या अलीकडं, गोठ्यात,
एका सिलिंडरचा आयशर,
सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली.
ईरगौडानं तिला दोन्ही हातांनी उचललं,
अंड्यासकट, पाटीत ठेवलं.
गुडघे गेलेत, क्लच दबत नाही, म्हणून विकायचा.
हे त्यानं कन्नडात सांगितलं,
आणि गुडघा वाजवून दाखवला, तेही कन्नडच.
हेडलाइट एकच. तासांचा काटा
४१०७ वर कधीचा बसून.
रेडिएटर नाही, पाणी मागत नाही,
वाऱ्यावर गार होतो.
मेस्त्रीनं पुढचं चाक धरून हलवलं,
सायलेन्सरपुढं तळहात धरला,
डोळे मिटून ऐकत उभा राहिला.
ठक. ठक. ठक.
उखळात कुणी सावकाश कांडतंय.

मी सुतळी धरली, चाकाच्या बाहेरच्या कडेपासून
बाहेरच्या कडेपर्यंत.
गाठ चार बोटं पलीकडं.

एक लाख दहा म्हणाला. ब्याण्णववर तुटलं.
पैसे मोजताना त्यानं बॉनेटवर हात ठेवला होता,
शेवटची नोट आली तसा काढून घेतला.

काकतीजवळ उसाच्या ट्रॉल्या हॉर्न वाजवत गेल्या,
आम्ही बैलाच्या चालीनं, डाव्या कडेनं.
मडगार्डवर बसून माझी कंबर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारलं. नाही.
परत मारलं. चल, म्हटलं. चल रे बाबा.
शेजारची दोन पोरं बांधावर येऊन बसली.
मग आठवलं, ईरगौडा हँडल फिरवताना
काय पुटपुटत होता.
इकडंतिकडं बघितलं
आणि म्हटलं, बा.
बा, बा.

ठक.

मेस्त्री म्हणतो, डिझेलच्या नळीत हवा होती,
तेवढ्यात निघून गेली.
असेल.

फणसाजवळून नेताना श्वास धरला होता.
डाव्या मडगार्डला थोडा चीक लागला, रॉकेलनं निघाला.
टूलबॉक्सचं झाकण उघडं पडतंय,
त्याला आता ती सुतळी बांधलीय.
गाठ सोडवली नाही.