उंबराच्या फळीवर दोघी

भाच्यानं अमेरिकेतून फोटो पाठवला,
खाली लिहिलं, "मावशी, बघ, तुमचंच काम."
इजिप्तची फळी. तीन हजार वर्षांची.
लाकूड उंबराच्या जातीचं म्हणे.
आमच्यात उंबराला फेऱ्या घालतात,
रंधा नाही लावत.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीत, दुपारी साडेतीनला
दारात मुखवटे वाळत होते.
चौसष्ट गौरी,
सगळ्या उजव्या डोळ्यानं बघणाऱ्या.
मी चष्मा पदराला पुसला
आणि फोटो दोन बोटांनी ताणला.

मधे मेलेला राजा, गुंडाळलेला.
त्याच्या दोन्ही अंगांना दोन बायका. बहिणी.
हळद लागल्यासारखं अंग,
खाली पांढऱ्याचा हात, खडू नि सरस,
आमच्यासारखाच, थोडा पोपडे धरलेला.
एकीच्या डोक्यावर खुर्ची,
दुसरीच्या डोक्यावर घर आणि घरावर टोपली.
टोपली कळली मला.
खुर्चीचं हसू आलं.

मग डोळे बघितले.
चेहरा बाजूनं, डोळा मात्र समोरचा,
अख्खा, मासोळीएवढा,
काजळाची शेपटी पार कानाकडं.
चुकलंय, म्हणणार होते.

आमच्या घरात डोळ्यांची वाटणी आहे.
डावा आक्काचा, उजवा माझा.
बाबांनीच करून दिली, पोरींची भांडणं नकोत म्हणून.
बेचाळीस वर्षांत एकही गौर
एकटीनं जागी केली नाही आम्ही.
आषाढात आक्का गेली.
गिऱ्हाइकं फोन करतात, झाल्या का?
रंग ओला आहे, सांगते.

त्या फळीवर एकीला एकच डोळा.
हिचा उजवा, समोरचीचा डावा.
मेलेल्या माणसाच्या अल्याडपल्याड
दोघी एकमेकींकडं बघतायत,
पापणी न पाडता.

रंगवणाऱ्याचं नाव सापडलेलं नाही, भाच्यानं लिहिलंय.
मी बोलून पाठवलं,
"नाव राहू दे रे. एक हात होता का दोन, तेवढं विचार कुणालातरी."
अजून उत्तर नाही. तिथं पहाट असेल.

आक्काचा ब्रश खारीच्या केसाचा.
दांड्यावर तिच्या दातांच्या खुणा,
विचार करताना चावायची.
मी तो पाण्यात बुडवला, काळा घेतला,
दाराजवळच्या पहिल्या गौरीला मांडीवर घेतलं.

डावा डोळा माझ्या हाताला येत नाही.
तिरका आला.
आता ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघते
आणि दुसऱ्यानं
भिंतीकडंच्या रिकाम्या पाटाकडं.
पुसायला फडकं उचललं होतं.
ठेवलं खाली.
त्रेसष्ट राहिल्यात.