झाकण

शनिवारी संध्याकाळी सहाला
समुद्रापलीकडून गाणी यायची.
मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर पाणी,
पाण्यावर सरहद्दीच्या बोटीचा फिरता दिवा,
तरी फिनलंडचा रेडिओ
आमच्या लोक्सातल्या स्वयंपाकघरात शिरायचा
शेजारणीसारखा, न विचारता.

मी चौदाची.
रेडिओ वडिलांचा, टेपरेकॉर्डर रिहोच्या मामाचा,
रविवारी सकाळी परत करायच्या बोलीवर आणलेला.
दोघांना जोडणारी वायर अख्ख्या गावात नव्हती.
म्हणून खुर्चीवर उशी, उशीवर माइक,
आणि घराला ताकीद :
अर्धा तास कोणी शिंकायचंसुद्धा नाही.

गायिका कशा दिसतात, ठाऊक नव्हतं.
मी सगळ्यांना भूगोलाच्या बाईंचे केस देऊन टाकले.
शब्दांतला 'टुनाइट' तेवढा कळायचा.
प्रत्येक गाण्यात काहीतरी आज रात्रीच होणार होतं.
लोक्सात रात्री काही व्हायचं नाही.
जूनमध्ये तर रात्रच व्हायची नाही.

चौऱ्याऐंशीचा मार्च.
ते गाणं त्या आठवड्यात तिसरं होतं.
ढोलाच्या जागी मशीन, धप्प धप्प,
बंदरावर खिळे ठोकतात तसं,
आणि त्यावर एक मुलगी,
जिला कशाचीच घाई नव्हती.
दुसऱ्या ध्रुपदाआधी ती श्वास घेते.
माइकने तो श्वासही पकडला.
आणि तेवढ्यात आईच्या हातून
बटाट्याच्या भांड्याचं झाकण सुटलं.

पडलं, ते पडून राहीना.
फरशीवर गरगरत राहिलं, आधी सावकाश,
मग घाईघाईने, ढणणण करत
एकदाचं निपचित.

मी आईला एक शब्द बोलले. तो इथे लिहीत नाही.
तिने झाकण उचललं, छातीशी धरलं,
आणि गाणं संपेपर्यंत
तशीच उभी राहिली.

पुढच्या शनिवारी ते गाणं यादीतून गेलं होतं.
राहिली ती आमचीच कॅसेट.
तिच्यावरून अकरा जणांनी उतरवून घेतली,
कॉपीवरून कॉपी.
अन्नेली तार्तूला घेऊन गेली,
काइदोने सैन्यात, बुटात लपवून.
दर कॉपीत मुलीचा आवाज थोडा विटायचा,
झाकणाचाही.
पण पडायचं ते, बरोब्बर तिथेच.

मग सरहद्द उघडली.
मी हेलसिंकीत सीडी विकत घेतली,
परतीच्या बोटीत कानाला लावली.
लख्ख आवाज. तिने श्वास घेतला
आणि सरळ पुढचं गायला लागली.
अंधारात जिना उतरताना
आहे असं वाटलेली पायरी नसावी, तसं झालं.
दुकानात परत जाऊन काय सांगणार?
यात झाकण नाही म्हणून?

गेल्या वर्षी शाळेच्या जिममध्ये जमलो,
चोपन्न वर्षांचे, गुडघ्यांची चौकशी करत.
गाणी लावणारा पोरगा
गाण्यांहून कितीतरी लहान.
त्याने ते लावलं. कोणी काही बोललं नाही.
धप्प धप्प.
ती मुलगी, अजून तिला घाई नव्हती.
तिने श्वास घेतला

आणि काइदोने, नगरपालिकेच्या हिशेबनीसाने,
काट्याने ताटलीवर खणकन वाजवलं.
मग अन्नेलीने. मग पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी.
रिहो तर तोंडाने ढणणण करत
बोट गरगर फिरवत राहिला.
अकरांतले नऊ जण होतो.
सूर कोणाचाच नव्हता, वेळ सगळ्यांची एक.
पोरगा मशीन तपासू लागला.

रात्री आईला फोन केला, सगळं सांगितलं.
तिला गाणं आठवेना.
मी ओरडले होते, ते आठवत होतं.
थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली,
झाकण माझ्या हातात राहिलं ना,
त्या दिवशी बटाटे कच्चेच खाल्ले आपण.