साठ बाय नव्वद

कळशेट्टी म्हणाले, शहराचा इतिहास पाहिजे,
साठ बाय नव्वदमध्ये.
दोन रंग, मरून आणि पांढरा.
गड्ड्याच्या आत द्या.

मी पंचिंग करतो, पुठ्ठ्याला भोकं पाडतो.
भोक पडलं की धागा उठतो,
नाही पडलं की बसून राहतो.
जकार्डला एवढंच कळतं.

पायथ्याला तळं घेतलं. ते सोपं,
लाटेचे तेच पुठ्ठे फिरून फिरून चालतात.
ज्यांनी डोक्यावरून माती वाहिली
त्यांची नावं कन्नडमध्ये असणार,
आठ-नऊशे वर्षं गाळात.
त्यांच्यासाठी पुठ्ठा नव्हता माझ्याकडे.

मग किल्ला. बुरूज चौकोनी काढले, गोल परवडत नाही.
हा किल्ला म्हणे एका लग्नात आंदण म्हणून बोलला होता,
दिलाच नाही,
आणि दोन सुलतान त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या लढले.
आमच्याकडे अंबादासच्या लग्नात सायकलीवरून
एवढंच झालं होतं,
फक्त तोफा नव्हत्या.

पेठा मी मोजून घातल्या.
साखर पेठेत दोन धागे तुटले, तसेच राहू दिले.

खापरपणजा इरय्या तेलंगणातून चालत आला,
दुष्काळात, खांद्यावर फणी,
पोटात काय होतं ते कुणी सांगितलं नाही.
त्याला काढला तर बुरुजाएवढा दिसायला लागला,
म्हणून लहान केला.
लहान केला तर मुंगी झाला.
राहू दिली मुंगी. रांगच लावली मुंग्यांची,
थेट गिरणीच्या दारापर्यंत.

चिमणीला सगळ्यात जास्त पुठ्ठे लागले.
सरळ उभी रेघ, पण उंच.
पण भोंगा?
ज्याच्यावर अख्खं गाव उठायचं, जेवायचं, भांडण थांबवायचं,
तो धाग्यात कसा धरायचा?
चार दिवस बसलो. नाही जमलं.

तीस सालातले ते मे महिन्यातले दिवस
मी कोरे सोडले.
तीन-चार दिवस गावात सरकार नव्हतं,
नुसतं गाव होतं.
त्याला नक्षी कशाला?
त्याच्यावर मग लष्कर, फास,
आणि ज्या टोप्या घालणं गुन्हा होता त्या टोप्या.

शेठनी कागदावरचा नमुना बघितला.
टोप्या काढा म्हणाले, मोर टाका.
मुंग्या कसल्या? काढा.
ही कोरी जागा चुकलीय.
काठ मात्र झकास जमलाय, कोयऱ्या ना?

मी हो म्हणालो.
ती तेंदूची पानं होती.
आई, नरसव्वा, पन्नास वर्षं सुपात कापायची,
दिवसाला हजार विड्या,
बोटांच्या टोकांवर रेषा उरल्या नाहीत,
रेशनच्या मशीनला ती ओळखूच येत नाही.
चारी बाजूंनी तीच होती,
आणि पास झाली.

मोराची चादर गड्ड्यात खपली.
पहिला पीस, मुंग्यांचा, टोप्यांचा,
माझ्याकडेच परत आला.

चादर उलटली की मरूनचं पांढरं होतं,
पांढऱ्याचं मरून.
किल्ला पाण्याचा दिसतो, तळं दगडाचं.
कुठली बाजू सुलटी, विणणाऱ्यालाही विचारू नका.
त्यानं जन्मभर खालूनच बघितलेली असते.

आई ती पांघरून झोपते.
उलटीच घेते, सांगून ऐकत नाही.
तळं गळ्याशी, बुरूज छातीवर,
गुडघ्यांवर मुंग्यांची रांग,
आणि पाय बाहेर,
चिमणीच्याही पलीकडे,
जिथं माझे पुठ्ठे संपले होते.

ओढून झाकायला गेलो
तर तळं खाली सरकतं, गळा उघडा पडतो.

असू दे.
पाचव्या दिवसाचं पाणी उद्या आहे,
चारला उठायचंय.
भोंगा नाही. तीच उठवेल.