अंधार हवा, म्हणाला होता

व्हर्नर सुंडक्विस्ट दुकानात शिरला तेव्हा
टोपीवर बर्फ, आणि काखेत तीच गिटार
जिचा पिकअप मी एकोणीस वर्षांपूर्वी गुंडाळला होता.
अंधार हवा, म्हणाला होता तेव्हा.
लख्ख आवाज म्हणजे दाढेत घुसलेली सुई.
धुक्यात जहाज भोंगा देतं ना,
पोटातून, कसलीच घाई नसल्यासारखा,
तसला सूर दे.

दिला होता.
केसाहून बारीक तांब्याची तार,
दहा हजार दोनशे वेढे, चिमटीत ताण धरून.
ताण सुटला तर वेढा सैल, वाढला तर तार तुटते
आणि मग पुन्हा एकपासून.
वेढे वाढत जातात तशी सुरावर साय धरते,
वरची धार आतल्या आत गुंडाळली जाते.
हे पुस्तकात आहे. त्यापुढचं नाही.

त्याचा मेहुणा ऑर्विल पेल्टो बरोबर उलटा.
त्याला सहा हजारांच्या वर एक वेढा खपत नसे.
तार छेडली की गोठलेल्या सरोवराला
मधोमध तडा जावा, असा टणत्कार.
शनिवारी डुलुथच्या फिनिश हॉलमध्ये दोघं शेजारी उभे राहत
आणि दोन गाण्यांच्या मधे भांडत.
तुझी गिटार गोधडीत तोंड खुपसून बोलते.
तुझी पत्र्यावर खिळे सांडते.
मला विचाराल तर
दोघांच्या मधे जी फट राहायची
तिच्यातून गाणारीचा आवाज सरळ बाहेर यायचा.
दोघांनाही हे कधी सांगितलं नाही.
गिऱ्हाईकं होती.

आणि आता व्हर्नर म्हणतो, इर्या, तुझा पिकअप मेला.
चुंबक उतरलंय. सगळं लोकरीतून ऐकू येतं.
मी मीटर लावला. आकडा तोच,
पिकअपच्या पोटावर मीच पेन्सिलीने लिहून ठेवलेला.
चुंबकाने पेचकस पूर्वीसारखाच झडप घालून ओढला.
मग उठताना माझी खुर्ची सरकली,
फरशीवर अशी किंचाळली
की कुत्रा उठून बाहेर निघून गेला.
व्हर्नर माझ्याकडे बघत होता,
शांत, उत्तराची वाट पाहत.

चाळीस वर्षं गोदीवर काढलेला माणूस.
लोखंडाच्या गोळ्या जहाजाच्या पोटात कोसळताना
कानात कापूस घातला असेल
तर तो थंडीसाठी.

चुंबक उतरलंय खरं, मी म्हटलं. गुरुवारी ये.

पाच हजारांवर थांबले.
इतका उघडा पिकअप मी ऑर्विललाही कधी दिला नव्हता.
जोडून छेडला तर मलाच डोळे मिटावे लागले.
गुरुवारी व्हर्नरने छेडला,
आधी खर्जाची तार, मग सगळ्यात वरची,
मग बराच वेळ नुसती वरची.
हां, म्हणाला. हाच.
हाच माझा अंधार.
वहीत मी लिहिलं: चुंबक बदललं.
चुंबकाचे पैसे लावले नाहीत.

शनिवारी मी मुद्दाम मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.
पहिल्याच गाण्यात पुढच्या टेबलावरच्या मुलीने
दोन्ही हात कानांवर नेले,
तिच्या आईने ते खाली ओढले.
ऑर्विलने वळून पाहिलं. एकदाच.
मला वाटलं, आता हा तीस वर्षांचं उट्टं काढणार,
माइकवरून काढणार.
त्याने करंगळीने आपल्या गिटारची टोनची कळ
फिरवत फिरवत पार शून्यावर नेली.

गाणं संपल्यावर व्हर्नर ओरडला,
सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा:
आली का रे अक्कल शेवटी!
आली, ऑर्विल म्हणाला.
व्हर्नरला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.
बुटाने फळीवर दोनदा ठोकून
त्याने पुढचं गाणं सुरू केलं.